पत्राची मागची बाजू

चौकट जागेवर होती. काच जागेवर होती. आतला कागद तेवढा नव्हता.

नारायणराव हेडमास्तरांनी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. मग व्हरांड्यातल्या उकंडराव जमादाराला हाक मारली.

"जमादार, आत या. अन् दार लोटून घ्या. बुढीला कळू देऊ नका."

पण बुढी, म्हणजे गोजरबाई, दाराशीच बसली होती. तिला कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही. "गेलं का? बरं," एवढंच म्हणाली अन् डोक्यावरचा पदर नीट केला.

उकंडरावला तिचं ते "बरं" ऐकवलं नाही.

सव्वीस जानेवारी, एकोणीसशे त्रेसष्ट. चीनची लढाई थांबून दोन महिने झाले होते. उंद्रीच्या शाळेनं ठरवलं होतं की आसपासच्या गावचे सगळे जुने फौजी एका मांडवात बसवायचे, त्यांना हार घालायचे अन् लढाईत काय पाहिलं ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. उकंडराव आला होता बंदोबस्ताला. बंदोबस्त तरी कसला, बारा म्हातारे अन् एक कर्णा.

या खोलीत फौजींच्या वस्तू मांडल्या होत्या. कोपऱ्यातलं टेबल इंद्रभानचं. इंद्रभान गोजरबाईचा एकुलता एक. ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला तो परत आलाच नाही. टेबलावर त्याची दोन मेडलं, एक सुताची गोफण, एक सरकारी कागद, एक जुना लिफाफा अन् ही रिकामी चौकट.

उकंडराव हात पाठीमागं बांधून टेबलाभोवती फिरला.

"खोलीला कुलूप होतं?"

"होतं. आत्ता मीच उघडलं."

"किल्ली कुठी असते?"

मास्तर ओशाळले. "घंटेच्या मागं, खिळ्याला. साऱ्या गावाला ठाऊक आहे."

उकंडरावनं चौकट उलटी केली. मागचे चारही खिळे हळूच वाकवून पुन्हा नीट बसवले होते.

"चांदीचं मेडल सोडलं, कागद नेला. वर चौकट जशीच्या तशी उभी करून गेला. असा चोर म्या पाह्यला नाई, मास्तर. काय होतं त्या कागदात?"

"तेच तर पुरतं कोणाला ठाऊक नाही. इंद्रभान मेल्याचं पत्र, एवढंच. काल संध्याकाळी बुढीनं आणून दिला. अक्षर इंग्रजी, लपेटदार. मी इंग्रजी समजून वाचायला गेलो तर एक शब्द लागेना. मग ध्यानात आलं, पलटणीत तसंच लिहीत. अक्षर इंग्रजी अन् बोली हिंदुस्तानी. सवय असल्याशिवाय लागत नाही. म्हटलं उद्या मांडवात सारे फौजी जमतातच, कोणीतरी वाचेल. तसाच चौकटीत घातला."

"अन् हा दुसरा?"

"हा सरकारी, साध्या इंग्रजीतला. शेचाळीस साली आला. शिपाई इंद्रभान, मृत्यू अकरा डिसेंबर पंचेचाळीस."

"पत्र कधीचं?"

"लिफाफ्यावर शिक्का आहे. एप्रिल पंचेचाळीस."

उकंडराव थांबला. "मेल्याचं पत्र एप्रिलात आलं, अन् माणूस मेला डिसेंबरात?"

मास्तर हसले. "सरकारी कागद हो. माझी जन्मतारीख बी त्यांनी चुकवली आहे."

उकंडराव हसला नाही. तो बाहेर आला अन् गोजरबाईशेजारी पायरीवर टेकला.

"मावशी, ते पत्र तवा वाचलं कोणी?"

"शालिग्रामनं. गावात पलटणीतून आल्ता तोच एक. पाय मोडून आल्ता बिचारा, लढाई संपायच्या आधीच." बुढीची नजर समोरच्या ज्वारीवर होती. "त्यानं पहिली ओळ वाचली. इंद्रभान गेला म्हणे. म्या तं धाय मोकलली. मंग पुढचं कोणी वाचलंच नाई, बाप्पा. दोन्हीकून लिवेल हाय, इतकं मले ठाऊक."

"मंग इतकी वर्षं कोणाले दाखवलं नाई?"

"डब्यात ठेवलं. उघडाले जीवच होये ना. यंदा पावसाळ्यात उंदरानं त्याचा कोपरा खाल्ला, तवा वाटलं, सारंच जाईन एक दिवस. मी बी जाईन. त्याच्या आधी एक खेप शेवटपावतर ऐकाचं होतं. कसा मेला, काही म्हणे का, पाणी कोणी पाजलं का." ती थांबली. "तितकंच पाह्यजे होतं, जमादार. मेडल काय करू?"

"शालिग्राम हवालदार कसा माणूस हाय?"

"माह्या पाठचा भाऊ समज. अठरा वर्षं झाली, आधी माहं वावर वाहते, मंग स्वतःचं."

"अन् गोफण?"

बुढीच्या तोंडावर पहिल्यांदा जरासं हसू आलं. "इंद्रभाननंच विणेल. शेवटाले तीन गाठी, तिसऱ्या गाठीत चिंचोका. फटकारली की कट्टकन वाजे. तशी कोणालेच जमत नसे."

उकंडराव चहाच्या टपरीवर गेला. पाहुणे फौजी काल दुपारच्या मोटारीनं आले होते अन् उतरल्यापासून तिथंच जमले होते. दुसरबीडचे भगवानराव बाकावर बसून बशीनं चहा पीत होते. उजव्या हाताला दोनच बोटं.

"या जमादार! कामून आले? धरायला का हार घालायला?"

"दोन्ही नाई. चहा प्याले."

"मग बसा. पोलीस शेजारी बसला म्हंजे मला जपान्यापेक्षा जास्त भेव वाटतं."

सगळे हसले. उकंडराव पण. मग त्यानं विचारलं, "तुमी आज काय सांगणार मांडवात?"

भगवानरावांनी बशी खाली ठेवली. "लढाई न्हाई सांगणार. रांचीकडं लष्करी इस्पितळात पडलो व्हतो, तिथलं सांगणार. शेजारच्या खाटेवर एक पोरगा व्हता. स्फोटात दोन्ही डोळे गेलेले. खरं नाव कोणी घेत नसे, सगळे त्याला 'बेरार' म्हणत, आपल्या वऱ्हाडातला म्हणून. त्यानं घरी एक पत्र लिहवून घेतलं, न्यायला या म्हणून. रोज टपालवाल्याचे बूट ऐकू आले की उठून बसायचा. उत्तर आलंच न्हाई. मी म्हणालो, दुसरं लिहू. तर म्हणाला, नको. आंधळा पोट्टा कोणाले पाह्यजे?"

"मंग?"

"बसून बसून मलमपट्ट्यांच्या चिंध्यांच्या गोफणी विणायचा. चाचपून. सगळ्या वार्डाला वाटल्या. ही माझी."

त्यांनी पिशवीतून एक पिवळट पडलेली गोफण काढली. उकंडरावनं ती हातात घेतली. शेवटाला तीन गाठी. तिसऱ्या गाठीत शर्टाचं बटण.

"पुढं काय झालं त्याचं?"

"मी सुटलो, तो तिथंच राहिला. डिसेंबरात वार्डबॉयचं कार्ड आलं. निमोनियानं गेला." भगवानरावांनी मान हलवली. "कालबी हेच सांगत व्हतो इथं. तर तुमचे ते लंगडे हवालदार गोफण पाहून अर्धा चहा टाकून उठले. म्हटलं, माझं बोलणं कडू लागलं का काय."

उकंडरावनं गोफण परत दिली नाही. "चला माह्यासंगं," तो म्हणाला. "तुमच्या गोष्टीले गाव सापडलं."

शालिग्राम हवालदार आपल्या ओसरीवर कांबळं पांघरून बसला होता. खरं तर तो साधा शिपाई म्हणूनच सुटला होता, हवालदार त्याला गावानं केलं होतं. भगवानरावांना पाहून त्यानं मान खाली घातली.

"हवालदार, मांडवात येऊन नाई राह्यले?"

"अंगात कसर हाय."

"काल शाळेत गेलते?"

"मी? शाळेत पाय नाई ठेवला. तिथी काय मांडलं हेबी पाह्यलं नाई."

"गोजरबाईचं पत्र गेलं."

"कोपरा खाल्लेला कागद तो. कोण नेईन, जमादार? उडला असन हवेनं."

"तुमी तो कागद शेवटचा कवा पाह्यला होता?"

"अठरा वर्षं झाली. वाचला त्याच दिवशी."

"त्याचा कोपरा उंदरानं यंदाच्या पावसाळ्यात खाल्ला, हवालदार. बुढीनं तो काल पहिल्यांदा डब्याबाहेर काढला."

शालिग्रामचा हात कांबळ्याखाली हलला अन् तिथंच थांबला.

"मी सांगतो," उकंडराव हळू आवाजात म्हणाला. "चुकलं तं थांबवा. पत्रात काय हाय हे ज्याले ठाऊक, त्यालेच त्याची भीती. मास्तरले वाचता आलं नाई. बुढीले वाचता येत नाई. राह्यले तुमी. पण तुमाले अठरा वर्षं भीती वाटली नाई, नाई तं ते पत्र तवाच चुलीत गेलं असतं. भीती काल पैदा झाली. टपरीवर. ही गोफण पाहून."

त्यानं चिंध्यांची गोफण ओसरीवर ठेवली.

"इंद्रभानची गोफण लहानपणापासून तुमी पाह्यली होती. तीन गाठी. चिंचोका नाई मिळाला म्हून बटण. तुमी समजले, रांचीतला आंधळा 'बेरार' म्हंजे आपला इंद्रभान. पंचेचाळीसच्या एप्रिलात तो मेला नव्हता. सरकारी कागद खरा होता, पोरगा डिसेंबरात मेला. मंग एप्रिलातलं ते पत्र कशाचं? बुढीनं ते शाळेत दिल्याचं तुमाले ठाऊकच होतं. ते पाहाले तुमी घंटेमागची किल्ली काढली. शाळेत वाचलं, अन् परत ठेववलं नाई."

भगवानराव खांबाला धरून खाली बसले. "म्हंजे ते पत्र... मीच त्याच्या खाटेशी बसलो व्हतो, लिहिलं तवा."

शालिग्रामनं कांबळ्याखालून कागद काढला. चौपदरी घडी.

"मले वाचता येईच ना धड," तो म्हणाला. "पलटणीत परीक्षा होती. दुसऱ्याचं पाहून पास झालो. गावात आलो तं सारे म्हणे, हवालदार वाचते. मले बी बरं वाटे. त्या दिवशी सारं गाव भोवती उभं. इंद्रभानचं नाव लागलं. पुढचा शब्द लागेना. अडलं की उडी माराची सवय माही. त्याच्या पुढं दिसलं, 'जाती रहीं'. पलटणीत कोणी मेला की म्हणत, जाता रहा. म्या म्हटलं, गेला." त्यानं कागदावर बोट ठेवलं. "मधात 'आँखें' होतं, जमादार. इंद्रभान की आँखें जाती रहीं. डोळे गेले होते. डोळेच फक्त. अन् मागच्या बाजूले..."

त्यानं कागद पुन्हा मिटला.

"मंग हे वाचता कवा आलं?" उकंडरावनं विचारलं.

"वाचता येत नव्हतं हे मनाले लागे. वावरात बसून हळूहळू शिकलो. दहा वर्षं झाली, येते आता. पण ते पत्र पुन्हा मांगावं असं कवाच वाटलं नाई. बुढीले काऊन रडवा पुन्हा, म्हटलं."

भगवानराव डोळे पुसत म्हणाले, "राहू द्या, जमादार. कागद उडला म्हणून सांगा. तिनं पोराला लढाईत मेलेला मानलाय. हे ऐकून बुढी जगंल का?"

उकंडरावच्या मनात तेच चाललं होतं. गहाळ कागदासाठी कोणी फाशी जात नाही. वहीत एक ओळ लिहिली की संपलं. पण ते पायरीवरचं "बरं" त्याच्या कानातून जाईना.

"तिनं एकच मागणं केलं," तो म्हणाला. "शेवटपावतर ऐकाचं. ते लपवणारा मी कोण, अन् तुमी कोण?"

शालिग्राम उठला. काठी घेतली. "मीच वाचतो. अर्धं म्या वाचलं होतं. उरलेलं बी माह्याकडंच हाय."

मांडव भरला होता. हार घालून झाले होते. शालिग्राम कर्ण्यापुढं गेला नाही. तो सरळ गोजरबाईच्या पुढं जाऊन जमिनीवर बसला. गुन्हा कबूल केला, चूक कबूल केली, सगळ्या गावादेखत. मग त्यानं कागद उघडला अन् एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला. आधी तसाच, मग आपल्या बोलीत.

"तुमच्या इंद्रभानचे दोन्ही डोळे गेले. बाकी तब्येत चांगली आहे." त्यानं कागद उलटा केला. "तो आईची आठवण काढतो. एकट्यानं प्रवास करता येत नाही. घरून कोणीतरी न्यायला यावं. आई आली तर फार बरं. तो म्हणतो, आईच्या पायाचा आवाज मी ओळखीन."

गोजरबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग भगवानरावांकडं वळून विचारलं, "किती दिवस वाट पाह्यली त्यानं?"

"आठ महिने, माय."

"पाणी कोणी पाजे?"

"मी व्हतो तोवर मी. मग बाकीचे. सगळ्यांचा लाडका व्हता."

तिनं मान हलवली. उकंडरावनं चिंध्यांची गोफण तिच्या हातात दिली. ती डोळे मिटून चाचपत राहिली. पहिली गाठ, दुसरी, तिसरी. बटणावर बोट थांबलं.

शालिग्रामनं तिच्या पायाशी डोकं टेकलं होतं. उकंडराव वाकून म्हणाला, "मावशी, तक्रार लिवाची का याची?"

"कायची तक्रार?" ती म्हणाली. शालिग्रामच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण पायही मागं घेतला नाही. "वाच रे शालिग्राम. मागची बाजू पुन्हा वाच."

त्यानं वाचली. तिनं पुन्हा वाचायला लावली. त्या दिवशी उंद्रीच्या मांडवात दुसऱ्या कोणाची लढाई सांगून झालीच नाही. बारा म्हातारे गळ्यात हार घेऊन उन्हं कलेपर्यंत बसून राहिले. शालिग्राम दर खेपेला 'घरून कोणीतरी न्यायला यावं' इथवर आला की बुढी बटणावर बोट ठेवून, कोणाला ऐकू जाईल न जाईल इतक्या हळू म्हणायची,

"येतो रे बाप्पा. येतो."