एक नोंद जास्त

विचारताच आहात तर सांगते. एरवी हे मी कुणाजवळ काढत नाही.

मी रुग्णालयाचा डेटाबेस सांभाळते. त्या आठवड्यातलं काम अगदी साधं होतं. जुना सर्व्हर कायमचा बंद करायचा होता. त्यावरच्या नोंदी डिस्कवरून नव्या सिस्टीमवर आणून झाल्या होत्या. आता दोन्हीकडच्या नोंदी मोजायच्या आणि आकडे जुळले की शुक्रवारी जुन्याचा प्लग काढायचा.

आकडे जुळेनात. जुन्यावर एक नोंद जास्त. म्हटलं, राहिली असेल. ती उचलून नव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक जास्त.

तोवर जुन्यावरच्या नोंदी डिस्कवर भरून वर माझ्याकडे यायच्या; आता मी स्वतःच तळघरात गेले. रिकाम्या खोक्यांमागची ती खोली; भर दुपारीही दिवा लावावा लागे. पंख्यांची एकसुरी घरघर, तापलेल्या धुळीचा वास, आणि त्या वासाखाली... फिनेलचा. वॉर्डात येतो तसा. दोन वर्षांपूर्वी कामकाज नव्यावर गेलं तेव्हाच या मशीनची नेटवर्कची तार काढली होती. बाहेरून त्यात कुणी काही लिहिणं शक्यच नव्हतं.

जास्तीची नोंद उघडली. मुलांचा वॉर्ड, खाट चार. मुलगी, वय सात. निरीक्षणाच्या रकान्यात एकच ओळ : ‘ताप नाही. बाबा आले. बोलले नाहीत.’

तारीख आदल्या दिवसाची, वेळ दुपारी चारची. मी मागे मागे जात राहिले. रोज एक ओळ. ‘बाबा आले. बोलले नाहीत.’ अकरा वर्षं. आणि त्या सगळ्यांच्या आधी, त्या मुलीच्या मृत्यूची नोंद.

आडनाव ओळखीचं होतं.

काका. आमच्या खात्यातले सगळ्यात जुने. हे काम मला त्यांनीच शिकवलं. “डिलीट करण्याआधी त्याच ओळी एकदा डोळ्यांनी बघून घे, पोरी. गेलेलं परत आणताना नाकी नऊ येतात.” रोज चार वाजता ते चहा अर्धा टाकून “जरा खाली जाऊन येतो” म्हणायचे. काकांचं तळघरात काहीतरी लफडं आहे, अशी आमची थट्टा. तेही हसायचे.

मी त्यांना खाली बोलावलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले.

“तुम्ही लिहिता हे, काका?”

“नाही गं. ती गेली ना, तेव्हा मी इथेच होतो. डिस्क बिघडली होती, बॅकअप चढवत होतो. वरून दोनदा निरोप आला. म्हटलं, पाच मिनिटांत येतो...”

पंखे घरघरत राहिले.

“महिन्याभराने पहिली ओळ दिसली. वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. सगळे पासवर्ड बदलले. ओळ येतच राहिली.”

“मग तिच्याशी बोलत का नाही?”

“बोललो आणि ती गेली तर?” ते हळूच म्हणाले. “एवढी एक ओळ तरी येते...”

“काका, शुक्रवारी प्लग काढायचाय.”

“माहितेय मला.”

शुक्रवारी चार वाजता ते एकटेच आत गेले. मी दाराबाहेर उभी. आधी नुसती कुजबुज. मग दाबलेला हुंदका, आणि “चुकलं गं बाळा माझं...” एवढंच कानावर आलं. बाहेर आले तेव्हा चेहरा पुसलेला होता.

“कर बंद,” म्हणाले, आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेले.

स्क्रीनवर ओळ आली होती : ‘बाबा बोलले. घरी सोडलं.’

मी तिथेच बसून रडले. मग डोळे पुसून प्लगला हात घातला. पण सवय जात नाही. शेवटचं म्हणून पुन्हा एकदा मोजलं.

एक नोंद जास्त.

खाट नऊ. मूल, नाव नाही, वय नाही. ‘रडत नाही. दाराकडे बघतं.’ नातेवाईकाच्या रकान्यात माझं नाव होतं. पूर्ण नाव. आणि पुढे नातं : आई.

मला मूल नाही. कधीच नव्हतं.

मी प्लग काढला नाही. आकडे अजून जुळत नाहीत, असं साहेबांना सांगितलं. काका निवृत्त झाले. परत कधी आले नाहीत. मी मात्र गेली तीन वर्षं रोज चारला खाली जाते. पहिल्या दिवसापासूनच बोलले मी. वाटलं, बोललं की सुटेल. आज काय केलं, कोण भेटलं, सगळं सांगायची. ‘आई बोलली,’ एवढीच ओळ यायची. पुढे पुढे, खरं सांगू, त्या ओळीची मला सवय झाली. घरी माझी वाट बघणारं दुसरं कोण आहे?

गेल्या मंगळवारी मला ताप भरला. घरीच पडून राहिले. बुधवारी धडपडत तळघरात गेले तेव्हा दोन ओळी आल्या होत्या.

‘आई आली नाही.’

आणि तिच्या खाली, रात्रीच्या वेळेची : ‘खाट रिकामी. शोधायला गेलं आहे.’

त्यानंतर आजवर एकही नोंद आलेली नाही.