साखर कुठे गेली

निघताना विदादने पिशवीत दुधाच्या बाटल्या भरल्या, लंगोट ठेवले, स्वतःसाठी मात्र काही घेतलं नाही. तपासणी उपाशीपोटी होती. स्फाक्स शहरात ऑलिव्हचे तेलघाणे सुरू झाले होते, रस्ताभर तेलाचा कडवट वास भरून राहिला होता. गाडीत तिच्या सासूबाई मुंजिया बाळाला मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. बाळंतपणानंतर विदादला फिट येऊ लागली होती. एकदा तर बाळ कडेवर असतानाच ती कोसळली. तेव्हापासून ते सासूच्या खोलीत झोपायचं.

"आज डोक्याचा फोटो निघू दे," सासूबाई म्हणाल्या. "दोष सापडला, बरी झालीस, तर घे तुझा कोळशा. नाहीतर मी आहे आणि तो आहे."

कोळशा म्हणजे बाळच. गोरंपान होतं म्हणून मुद्दाम कोळशा. खरं नाव इस्कंदर. पण दृष्ट लागू नये म्हणून परक्यांच्या कानावर ते पडू द्यायचं नाही, अशी त्या घरची रीत होती.

दवाखान्यात डॉक्टर फाइझांनी विदादला समोर बसवलं. "मेंदू साखर खातो. आम्ही तुला किरणांची खूण लावलेली साखर टोचणार. मेंदूचे जे भाग बरोबरीने खातात, ते आतून एकमेकांना बांधलेले असतात. फिट येणाऱ्यांची ही बांधणी कुठे बिघडते तेच आम्ही शोधतोय. तुझं बिघडलेलं ठिकाण सापडलं, तर इलाज आहे."

"आणि बाळ?"

"संध्याकाळपर्यंत जवळ घ्यायचं नाही. तुझ्या अंगातून किरण निघत राहतील."

सासूबाईंनी बाळ दुसऱ्या खांद्यावर टाकलं. "तिला कुठे सवय आहे घ्यायची."

सुई टोचून झाल्यावर तिथली नर्स सिहाम विदादला एका खोलीत घेऊन गेली. तिथे एक आडवी खुर्ची होती, बाकी काही नाही. भिंती जाड, दाराला आतून शिसं, आणि दारात तळहाताएवढी काच.

"इथे पडून राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. बोललीस तर साखर बोलण्याच्या जागी जाईल आणि फोटो फुकट."

"आत एकटीच?"

"मग कोण हवंय सोबतीला?" सिहामने दिवा मालवला, काचेवर झडप ओढली, दार लावलं.

बाहेर भर दुपार होती. आत डोळे उघडे काय आणि मिटलेले काय, सारखंच. विदाद स्वतःचा श्वास ऐकत पडली. आत… बाहेर… आत… बाहेर. थोड्या वेळाने तिने श्वास रोखून धरला. श्वासाचा आवाज चालूच राहिला.

उशाशी नारिंगीच्या फुलांच्या पाण्याचा वास आला. घरी मेलेल्याला आंघोळ घातल्यावर शिंपडतात, तसा.

"मुलगा ना?" कुणीतरी अगदी हळू विचारलं. "काय म्हणतेस त्याला?"

तिने ओठ दाताखाली धरले. फोटो बिघडायला नको. बाळ परत हवं होतं.

"भुकेला आहे तो… ऐक."

आणि त्या शिशाच्या दारातून, जिथून काही ऐकू यायला नको, बाळाचं रडणं आलं. आधी कुरकुर, मग टाहो, मग घशात अडकलेलं, गुदमरलेलं. तिची छाती दुधाने भरून आली. ती हलली नाही. रडणं वाढत गेलं, आणि एका हुंदक्याच्या मधोमध तुटलं.

मग काहीच नाही.

"इस्कंदर…" विदादच्या तोंडून निघून गेलं.

अंधारात कुणीतरी समाधानाने सुस्कारा सोडला. एक गार बोट तिच्या कपाळावरून फिरलं, वाडग्याच्या तळाशी राहिलेलं पुसून घ्यावं तसं. पाठोपाठ चाटल्याचा आवाज आला.

फोटो निघाला तेव्हा पडद्यावर तिचा मेंदू निवलेल्या चुलीसारखा काळा होता.

"शिरेत गेलंच नाही तुझं इंजेक्शन," डॉक्टर सिहामवर करवादल्या.

"गेलं, मॅडम." सिहामने किरण मोजायचं यंत्र आणून विदादच्या दंडावरून, पोटावरून, डोक्यावरून फिरवलं. ते गप्प होतं. "मग साखर कुठे गेली?"

डॉक्टर कपाळ चोळत बाहेर आल्या. "निदान बाळाला घ्यायला आता हरकत नाही. घे."

विदादने हात पुढे केले. सासूबाईंनी पहिल्यांदाच नाही म्हटलं नाही. तेवढ्यात शेजारी उभ्या सिहामच्या हातातलं यंत्र किरकिरू लागलं. ती ते बाळाच्या टाळूजवळ नेत गेली तशी किरकिर वाढत गेली, शेवटी एकच लांब कर्कश आवाज झाला.

"याला काही दिलंत?"

"मी कशाला देऊ? तुमचीच नर्स येऊन बोटाने साखर चाटवून गेली. फुलांच्या पाण्याचा वास होता तिला." सासूबाई विदादकडे वळल्या. "मी कोळशा कोळशा करत होते, आणि तिने नावाने हाक मारली. सांगितलंस ना?"

"इथे नर्स म्हणून मी एकटीच आहे," सिहाम म्हणाली.

बाळाला त्याच खोलीत ठेवायचं ठरलं. एवढे किरण अडवतील अशा भिंती दुसरीकडे नव्हत्या. विदाद दारात आडवी उभी राहिली. "तिथे नको… हात जोडते, तिथे नको."

"आता आई झालीस?" सासूबाईंनी तिला दंडाला धरून बाजूला ओढलं.

सिहामने बाळाला खुर्चीवर ठेवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, या वेळी दिवा चालू ठेवून दार लावलं. काचेवरची झडप सरकवली. "बघ. कुणी नाहीये."

विदादने काचेला डोळा लावला. क्षणभरही स्वस्थ न पडणारं तिचं बाळ सरळ, गप्प, डोळे मिटून पडलं होतं. हलायचं नाही असं कुणी बजावल्यासारखं. फक्त एक हात वर होता. मूठ पुरती मिटलेली नव्हती, मध्ये एक बोट मावेल एवढी पोकळी होती.

हाक मारायला विदादने तोंड उघडलं, आणि घाबरून मिटलं.

मूठ हळूहळू हलायला लागली. वर, खाली, वर, खाली. बाळाला खेळवताना हलवतात तशी.