उघडी फळी

माईंना सुनेच्या लॅबमध्ये पाऊल टाकायचं नव्हतं. पण सून म्हणाली, "आई, बाबांच्या पेशी आता टाकाव्या लागतील. एकदा बघून घ्या."

बाबांनी जाण्याआधी तिच्या कामासाठी रक्त दिलं होतं. त्यातून तिनं हृदयाच्या पेशी घडवून वाढवल्या होत्या. इतरांच्या पेशी झकास धडधडत होत्या. बाबांच्या तेवढ्या निपचित.

"कशावर निजवलंयस त्यांना?"

"मऊ जेलवर. खरं हृदय असतं तितकंच मऊ. कडक काचेवर पेशी आखडतात, आई."

"जन्मभर ज्यानं गादीला पाठ लावली नाही, त्याला गादीवर घातलंस? आणि टाकायचं नाव काढू नकोस. त्यांचं एवढंच उरलंय."

सुनेला हसू आलं. सासूचा हट्ट म्हणून तिनं उरलेल्या पेशी एका बशीत, उघड्या काचेवर सोडल्या.

आठवड्यानं तिनंच बोलावलं. माई येताच खुर्ची सरकवली.

माईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गुलाबी पाण्याखाली काहीतरी आवळत होतं, सुटत होतं. दोन ठोके, अडखळ, मग तिसरा. माईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. हीच अडखळ कानाशी घेऊन त्या संसारभर निजल्या होत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ऐकताय ना?"

सगळी बशी थबकली.

हाक मारली की बाबा असेच श्वास रोखून ऐकायचे.

मग पुन्हा दोन, अडखळ, तिसरा.

"काचेवर असं होत नाही," सून कुजबुजली. "कधीच नाही."

माईंनी डोळे पुसले. मग नेहमीच्या ठसक्यात बशीला म्हणाल्या, "पुरे झाला पाहुणचार. घरी चला."

घरी पलंगाचा एक भाग बाबांचा, कायम उघड्या फळीचा. ते गेल्यावर माईंनी तिथंही गादी घातली होती. दुपारी त्यांनी ती ओढून खाली टाकली. पाठीनं घासून गुळगुळीत झालेलं लाकूड उघडं पडलं. त्या आपल्या बाजूला आडव्या झाल्या, तोच फोन वाजला.

"आई, बशी थांबली. पेशी जिवंत आहेत, पण ठोकाच नाही. काय करू?"

माईंनी फळीवर तळवा ठेवला.

लाकूड कोमट होतं.

"टाकून दे," त्या म्हणाल्या.

फळी करकरली. माई न बघताच भिंतीकडे सरकल्या आणि जागा करून दिली.