वडनेर फाट्यावर चढलेली बाई

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण सहादूमामा खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. उलट खरं बोलूनच तो बुडाला.

जानेवारी १९९८. संक्रांतीच्या आदल्या दिवसाची सकाळ. मुंबई-आग्रा हायवे.

सहादू चांदवडहून कोथिंबीर भरून नाशिकच्या मार्केटला निघाला होता. टेम्पो जुना, बॅटरी त्याहून जुनी. चौघांनी धक्का दिला तेव्हा गाडी चालू झालेली. दिवे लावले की बॅटरी बसणार, हे त्याला ठाऊक होतं.

आणि उजाडलं होतंच की.

फक्त धुकं होतं...

वडनेर फाट्यावर त्याने इंजिन चालू ठेवूनच चहा घेतला. टपरीवरच्या घड्याळात सात वाजत होते. तो गाडीत बसला, तोच पलीकडचं दार उघडलं.

एक बाई चढली. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. पिंपळगावपर्यंत सोड म्हणाली. लेक बाळंत झालीये, दवाखान्यात आहे.

गाडी निघाली. 

मग बाई म्हणाली, "भाऊ, दिवे लाव."

सहादूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

थोड्या वेळाने परत...

"तुला दिसत आसंल. पण रस्त्यानं चालणाऱ्याला तुझी गाडी नको का दिसाया?"

तो वैतागला. मान न वळवताच बोलला, "दिवस उगवलाय, काकी. आता कसले दिवे?"



पुढे रस्ता नाही, झाडं नाहीत, समोरून येणारी गाडी नाही. नुसतं पांढरं...

आणि धप्प आवाज झाला.

सहादूने ब्रेक दाबला. बाईला बसून राहा म्हणाला आणि उतरला.

टेम्पोपुढे एक बाई पडली होती.

हिरवं लुगडं... हातात कापडी पिशवी...

त्याने वळून काचेतून आत पाहिलं.

सीट रिकामी होती. दार बंदच होतं.

त्याने तिला उचललं, कोथिंबिरीवर निजवलं आणि दवाखाना गाठला. ती वाटेतच गेली होती.

पोलिसांना त्याने स्वतःच सांगितलं, दिवे बंद होते. फौजदार म्हणाला, नियम काय फक्त रात्रीचा असतो? दिसत नसेल तर दिवसाही दिवे लावायचे. केस झाली. सजा झाली. टेम्पो गेला. कोर्टात तो शेजारी बसलेल्या बाईबद्दल बोलायला लागला, तेव्हा वकिलाने त्याला खाली बसवलं.

तिचं नाव भागुबाई. घर रस्त्याला लागूनच, फाट्यापासून आठ किलोमीटर पुढे. नवरा फकिरा याची जबानी झाली. रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या तेव्हा ती चुलीपाशी होती, पिशवीत लेकीसाठी डिंकाचे लाडू भरत होती. बातम्या संपल्यावर ती पायी निघाली.

मग सात वाजता फाट्यावर कोण चढलं?

सहादू सुटून आल्यावर एक दिवस फकिरा त्याच्या दारात आला. शिवी नाही, शाप नाही. सगळ्या गावात त्या गोष्टीवर विश्वास ठेवणारा तो एकटाच होता. बसला, पाणी प्याला आणि विचारलं, "तुझ्या गाडीत बसली तव्हा तिला थंडी वाजत व्हती का? शाल घरीच राह्यली तिची."

सहादूला सांगता येईना. सगळ्या वाटेत त्याने एकदाही तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला फकिरा परत आला. त्याच्या पुढच्याही. दरवर्षी तोच प्रश्न, आणि दरवर्षी मामाची मान खाली.

२००६ साली मामा गेला. अखेरपर्यंत त्याने स्टेअरिंगला हात लावला नाही.

त्याच्या पुढच्या जानेवारीत फकिरा माझ्याकडे आला. मी तेव्हा नुकतीच जीप घेतली होती, पिंपळगावच्या वाटेवर प्रवासी भरायचो. या वेळी त्याने काहीच विचारलं नाही. घडी केलेली तांबडी शाल माझ्या हातात ठेवली.

"तू त्याच रोडनं जातो," तो म्हणाला. "कधी चढली, तर दे."

मी नाही म्हणू शकलो नाही.

शाल अजून माझ्या गाडीत आहे. धुकं पडलं की मी गाडी काढत नाही... पण धुकं काय, सांगून पडतं का?