गार डिशवरचा तळवा

विश्वास ठेवा म्हणून मी हात जोडणार नाही. माझ्यासमोर घडलं, तेवढंच सांगते.

स्फाक्स शहर. रमजानमधली एक संध्याकाळ. इफ्तारच्या ओढीने आमची प्रयोगशाळा लवकर रिकामी झाली होती. उरलो होतो मी आणि आमचे सर, लमजेद.

"दोर्साफ, बेहिजाचे जिवाणू आज नष्ट करून टाक. जागा अडलीय," ते म्हणाले.

"सर, तिची एवढ्या वर्षांची मेहनत आहे."

"मग काय, दर्गा बांधू त्यावर?"

बेहिजा माझी मैत्रीण. महिन्याभरापूर्वी गाबेसच्या रस्त्यावर अपघातात गेली.

तिच्या जिवाणूंमधलं एक जनुक फक्त माणसाच्या अंगाच्या उबेत जागं व्हायचं. तिने त्याला प्रकाश देणारं जनुक जोडलं होतं. ऊब मिळाली, की जिवाणू निळसर चमकत.

गारठ्यात मात्र मिट्ट काळोख.

शेवटचा एक फोटो घ्यावा म्हणून शीतगृहातल्या, जिवाणू वाढवलेल्या काचेच्या डिश मी अंधाऱ्या खोलीत नेल्या. दार लावलं. दिवा मालवला.

काहीच चमकलं नाही. बरोबरच होतं.

मग पंख्याची घरघर थांबली...

रस्त्यावरचे हॉर्नही थांबले...

आणि पहिली डिश उजळली.

सगळी नाही. चार बोटं आणि अंगठा... तेवढाच भाग.

मग दुसरी.

मग तिसरी... कुणीतरी एकेका डिशवर तळवा टेकवत माझ्याकडे सरकत होतं.

मी जवळच्या डिशला हात लावला. बर्फासारखी गार.

ऊब माझ्या मानेवर होती...

मी धडपडत बाहेर पडले. सर हसले. "उपास बाधलाय तुला, पोरी. सरक, मी बघतो."

ते आत गेले. दार लागलं.

आधी खेकसले, "कोण आहे रे?"

मग आवाज उतरला. "हो." ... "हो, इथेच काम करते." ... "नाही. नाही म्हटलं ना!"

दुसरा आवाज नव्हताच. पण समोरचा बोलत असताना आपण थांबतो, तसे सर मधूनमधून थांबत होते.

बाहेर आले ते घामाने निथळत. "काही फेकायचं नाही," एवढंच म्हणाले. अजान झाली. मी खजूर पुढे केला. त्यांनी तो घेतलाच नाही.

दार सताड उघडं ठेवून, सगळे दिवे लावून मी त्या डिशमधले, हात उमटला होता तिथले आणि त्याबाहेरचे, नमुने वेगवेगळे गोठवले. दुसऱ्या दिवशी त्यांतला आरएनए तपासला. जनुक जागं झालं, की पेशीत तयार होणारा निरोप म्हणजे हा.

तळव्याच्या खुणेतल्या नमुन्यात निरोप भरभरून होता. खुणेच्या बाहेर... काहीच नाही.

पुन्हा केलं. तेच.

ईदनंतर सर नोकरी सोडून जेर्बा बेटावर राहायला गेले. मी फोन करून एकच विचारायचे, "बेहिजा काय म्हणाली?" ते फोन ठेवून द्यायचे.

परवा नाही ठेवला.

"पोरी, बेहिजाचा आवाज मी ओळखतो. ती नव्हती."

"मग कोण होतं?"

ते कुजबुजले.

"ते तुझं नाव विचारत होतं. मी सांगितलं नाही."

मी अजून तिथेच काम करते. पण त्या मजल्यावर कुणी मला नावाने हाक मारू लागलं, की मी आधी त्याच्या तोंडावर हात ठेवते.