दाराआडचा अभ्यास

त्या सकाळी सासूबाईंच्या खोलीचं दार लोटून घेताना तिचा हात क्षणभर अडखळला. अंथरुणाला खिळलेल्या त्या म्हातारीच्या आणि तिच्यामधलं ते दार कित्येक वर्षांत बंद झालं नव्हतं... पण आज विद्यापीठाची परीक्षा होती, घरबसल्या, संगणकासमोर. नियम कडक होते. कॅमेऱ्यातून कुणीतरी दुरून पाहत राहणार, मध्ये कुणाशी बोलायचं नाही, आणि खुर्चीवरून उठलं की पेपर तिथेच रद्द.

"काही हवं असेल तर आत्ताच सांगा, आई," ती म्हणाली.

"मला काय हवं असणार? मी झोपतेय. तू बस."

खरं तर नवरा त्या दिवशी घरी थांबणार होता. पण बस आगारातून त्याला बोलावणं आलं आणि तो घुटमळत असताना सासूबाईंनीच, इथे बसून माझं तोंड बघणार आहेस का, असं म्हणून त्याला घालवून दिलं होतं.

तिचं कॉलेज सुटलं होतं ते याच बाईपायी. लग्न ठरलं तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती, आणि पोरीचं शिक्षण अर्धं राहणार नाही, असा शब्द सासूबाईंनी तिच्या वडिलांना चार माणसांसमक्ष दिला होता. सासूबाई तेव्हा शाळांचे गणवेश शिवून द्यायच्या आणि हाताखाली माणूस टिकत नव्हतं. एवढा हंगाम निघू दे, मग जा कॉलेजला, असं म्हणता म्हणता हंगामामागून हंगाम गेले, मुलगी झाली, वडील वाट पाहून पाहून देवाघरी गेले... आणि त्या शब्दाचा पुन्हा कुणी उच्चारही केला नाही. ती भांडली नाही. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांची अंघोळ, औषधपाणी, कूस बदलणं, सगळं तिने निगुतीने केलं. फक्त कामापुरतं बोलायचं, त्यापलीकडे एक अक्षर नाही. ही तिने त्यांना दिलेली शिक्षा होती, आणि ती तिने वर्षानुवर्षं चोख अंमलात आणली होती.

विद्यापीठात तिचं नाव पुन्हा नोंदवलं ते परगावी नोकरीला असलेल्या मुलीने. वर्ग नाहीत, वेळापत्रक नाही. आपल्या सवडीने धडे ऐकायचे, स्वाध्याय लिहून पाठवायचे आणि तयारी झाली की परीक्षा द्यायची, असं लेकीने समजावून सांगितलं. विषय तोच, अर्धवट राहिलेला... भूगर्भशास्त्र. दुपारची कामं उरकली की ती बाहेरच्या खोलीत संगणक उघडून बसायची. आतलं दार उघडंच ठेवावं लागे, कारण सासूबाईंना काही लागलं की त्या स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर वाजवत. त्यामुळे प्राध्यापकांचा आवाज आतपर्यंत जाई. सुरुवातीला सासूबाई कुरकुरल्या, कटकट नुसती म्हणाल्या. मग हळूहळू कुरकुर थांबली, आणि एखाद्या दुपारी धडा नसला तर आतून विचारणा होऊ लागली, "तुझा तो दगडवाला मास्तर आज मुका झाला का गं?"

तिला हसू यायचं. पण ती हसू गिळून टाकायची.

एकदा झिजणाऱ्या डोंगरांचा धडा चालला होता. आतून अगदी हलका आवाज आला, "सूनबाई, मी तुझं फार..."

तिने ऐकलं होतं. स्पष्ट ऐकलं होतं. आणि हात पुढे करून तिने संगणकाचा आवाज वाढवला होता.

त्या दिवशी परीक्षा संपली. शेवटचं उत्तर पाठवून ती उठली, तेव्हा मन पिसासारखं हलकं झालं होतं. पेपर चांगला गेला होता... तिने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली. सासूबाईंचा चेहरा राखेसारखा पांढुरका झाला होता, कपाळावर घाम साचला होता आणि खालचा ओठ दातांनी चावून रक्ताळला होता. पेला नेहमीच्या जागी नव्हता. चुकून हात लागून वाजू नये म्हणून तो शालीत गुंडाळून उशीखाली सारला होता.

"आई, कधीपासून दुखतंय?"

सासूबाईंनी मोठ्या कष्टाने विचारलं, "झाला का पुरा पेपर?"

इस्पितळात डॉक्टरांनी तपासून मान हलवली. थोडं आधी आणायला हवं होतं, म्हणाले. नवरा धावत आला, आईजवळ बसून राहिला, आणि बायकोला एका शब्दानेही बोलला नाही. त्याने बोल लावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो औषधं आणायला खाली गेला असताना सासूबाईंनी डोळे उघडले. तिने त्यांचा हात हाती घेतला.

"पेला का नाही वाजवलात?"

"वाजवला असता तर तू उठली असतीस." त्या थांबल्या, श्वास गोळा केला. "एकदा उठवलं होतं तुला अभ्यासातून. पुन्हा कोणत्या तोंडाने उठवू?"

"ते मी केव्हाच विसरले, आई. मनात काही नाही माझ्या."

ते खोटं होतं. कालच्या सकाळपर्यंत सगळं मनात होतं, जसंच्या तसं... पण बोलून झालं आणि तिचं तिलाच कळेना, की आता ते खोटं उरलंय का.

सासूबाईंच्या ओठांवर अगदी पुसट हसू उमटलं. "तुला खोटं बोलता येत नाही. पण बोललीस... बरं वाटलं."

त्या संध्याकाळीच त्या गेल्या.

पुढे निकाल लागला. ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. मुलीचा फोन आला. आता पुढच्या अभ्यासक्रमाला नाव घालू ना, असं लेकीने विचारलं, आणि ती हो म्हणाली. फोन ठेवला आणि इतके दिवस कोरडे राहिलेले तिचे डोळे अखेर भरून आले. वाया गेलेल्या वर्षांसाठी ती रडत नव्हती. त्या वर्षांसाठी ती तरुणपणीच रडून मोकळी झाली होती. एका घरात, एका वेळी, दोघी जणी एकच धडा ऐकत होत्या... त्या म्हातारीला त्याविषयी किती विचारायचं असेल, आणि आपल्यालाही किती सांगता आलं असतं! धड्यांच्या त्या सगळ्या दुपारी मात्र तिच्या स्वतःच्या होत्या, आणि त्या कुणी हिरावून घेतल्या नव्हत्या. तिनेच त्या घालवल्या होत्या.