मेणाचा ठोकळा

"हे डिकीतून आणलंत? मे महिन्यात?"

खराडीच्या लॅबमधल्या त्या तरुणानं डबी उघडली आणि मैत्री वाकून आत बघू लागली. आईच्या फुफ्फुसातल्या कॅन्सरच्या गाठीतून काढलेला तिळाएवढा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून हॉस्पिटलनं तिच्या हातात दिला होता. आपल्याकडे हे असंच चालतं. ठोकळा पेशंटच्या माणसांनीच लॅबमध्ये पोचवायचा. हिनं तो शहाण्यासारखा स्कूटरच्या डिकीत टाकला आणि भर दुपारी बिबवेवाडीहून निघाली. मेण एका बाजूनं चक्क ओघळलं होतं!

"वाया गेलं का हो सगळं?"

"आधी खाली बसा. तुम्ही पडलात तर उचलायला इथे माणूस नाही."

हसू येण्याऐवजी तिला रडूच कोसळलं. त्या तुकड्यातल्या जनुकांत ठरावीक बदल सापडला, तर रोजच्या एका गोळीवर भागणार होतं. नाहीतर केमो. आणि केमो आईला झेपणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. पुन्हा सुई घालून तुकडा काढण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

तो आत जाऊन आला. "तुकडा शाबूत आहे. मेण नव्यानं बसवतील. रिपोर्टला दोन आठवडे. मी अभिनव... भीती वाटली तर फोन करा."

"आणि रोज वाटली तर?"

"तर रोज करा."

केला की तिनं! आधी रिपोर्टसाठी, आणि मग... मग त्याचा आवाज ऐकल्याशिवाय घास उतरेना. "तपासणी चालू आहे," तो सांगायचा, "तुम्ही जेवलात का?" बाई गं, एवढ्या धास्तीतही तिचे गाल तापायचे, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची. तिकडे आईला धाप लागलीय आणि आपलं हे काय चाललंय!

पंधराव्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या केबिनबाहेर तो स्वतःच उभा. चेहरा पांढराफटक. मैत्री त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वाईट आहे ना? खरं सांगा."

"माहीत नाही."

"थापा मारू नका! रिपोर्ट तुमच्याच हातून जातात."

"जातात. दिवसाला तीस-चाळीस बघतो, कधी काही वाटलं नाही." तो फरशीकडे बघत राहिला. "काल तुमच्या आईंचा आला... मला उघडवेना. दुसऱ्याकडून पाठवून दिला. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. मैत्री, मला तू आवडतेस. ही वेळ नाही, कळतंय मला..."

"यमुनाबाईंचे नातेवाईक?" नर्सनं हाक मारली.

"मी थांबतो," अभिनव पुटपुटला. तिनं त्याची बाही धरली आणि त्याला आत नेलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा चढवला. कागद उलटला, पुन्हा सुलटा केला.

"बदल सापडलाय. उद्यापासून गोळी सुरू करू. आजार जाणार नाही, पण बरे दिवस मिळतील."

"किती?"

"ते कुठल्याच रिपोर्टात नसतं."

बाहेर येऊन ती भिंतीला टेकून पोटभर रडली. तो जवळ उभा राहिला. मग तिनं नाक पुसलं.

"घरी चल."

"आत्ता? रजा अर्ध्याच दिवसाची आहे."

"आत्ताच. आईनं तुला बघायला हवं, अभिनव. उद्यावर नको."